‘सेकंद’ की ‘मिलिसेकंद’? एका ओळीच्या पॅचबद्दल

पत्र: दोन वर्षांपासून मी प्रोग्रॅमिंगची नोकरी करते. कामात आम्ही एक ओपन सोर्स लायब्ररी वापरतो. तिच्या डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय की कनेक्शनचा टाइमआउट (किती वेळ वाट पाहून प्रयत्न सोडायचा तो आकडा) सेकंदांत द्यायचा. मी ३० दिले, तर कनेक्शन लागायच्या आतच तुटायला लागलं. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. शेवटी सोर्स उघडला तेव्हा कळलं की तो आकडा मिलिसेकंदांत घेतला जातो. म्हटलं, दुसऱ्या कुणावर ही वेळ येऊ नये, म्हणून ते पान दुरुस्त करायला घेतलं. हात घातलाच आहे तर शुद्धलेखन, वेड्यावाकड्या ओळी, दोन मथळे असं सगळंच नीट केलं आणि पॅच, म्हणजे बदलांची फाइल, पाठवला. तो २१४ ओळींचा झाला. अठरा दिवस काहीच उत्तर नाही. मग दोन वाक्यं आली: ‘कृपया याचे भाग करा. टाइमआउटचं हे कोणत्या आवृत्तीपासून खरं आहे?’ बस, एवढंच. माझा मित्र म्हणतो की डॉक्युमेंटेशनचे पॅच हे आपल्या नावावरच्या योगदानांचा आकडा वाढवायचे उद्योग आहेत, ते खरं योगदान नव्हे. माझं इंग्रजीही बेताचं आहे. तिथे माझा काही उपयोग आहे का, की सोडून देऊ? (नाव छापू नये.)

उत्तर:

सोडू नका. आणि त्या दोन वाक्यांचं वाईटही वाटून घेऊ नका. ‘हे कोणत्या आवृत्तीपासून खरं आहे?’ हा प्रश्न पॅच वरवर चाळणाऱ्याला सुचत नाही. तुमच्या २१४ ओळींमधून मेंटेनरनी (प्रकल्प सांभाळणाऱ्यांनी) नेमकी ती एक ओळ शोधून काढली, तिथे थांबले आणि तिच्याबद्दल विचारलं. मी बरीच वर्षं एका प्रकल्पाच्या डॉक्युमेंटेशनचे पॅच तपासते आहे. त्या अनुभवावरून सांगते, ज्या पॅचमध्ये काही दम नसतो त्याला असा प्रश्न येत नाही. त्याला ‘धन्यवाद, बघतो’ असं उत्तर येतं आणि पुढे कधीच काही होत नाही.

आता थोडा वेळ त्यांच्या जागी बसून तुमचा पॅच पाहू या.

समोर डिफ (जुन्या-नव्या मजकुरातला फरक ओळीओळीने दाखवणारा तक्ता) उघडलेला आहे. उणे चिन्हाची ओळ म्हणजे काढलेली, अधिक चिन्हाची ओळ म्हणजे घातलेली, आणि प्रत्येक बदलाच्या आगेमागे जागा ओळखू यावी म्हणून न बदललेल्या तीन-तीन ओळी. तपासणाऱ्याने उणे ओळ वाचायची, अधिक ओळ वाचायची, फरक काय पडला ते पाहायचं आणि तो खरा आहे का ते ठरवायचं. तुम्ही ‘वेड्यावाकड्या ओळी’ नीट केल्यात, म्हणजे एडिटरला सांगून परिच्छेद पुन्हा ऐंशी अक्षरांत बसवून घेतलेत असं मी धरून चालते. एचटीएमएल तयार झाल्यावर पान पूर्वीसारखंच दिसतं, कारण मूळ फाइलमध्ये ओळ कुठे तुटली याच्याशी ब्राउझरला देणंघेणं नसतं. डिफला मात्र ओळीशिवाय दुसरं काही कळत नाही. परिच्छेदाच्या सुरुवातीला एक शब्द वाढला की पुढची प्रत्येक ओळ सरकते. मग अख्खा परिच्छेद लाल दिसतो आणि त्याखाली अख्खा परिच्छेद हिरवा. त्यात ‘सेकंद’चं ‘मिलिसेकंद’ कुठे झालं ते डोळ्यांत तेल घालून शोधावं लागतं.

माझ्या पहिल्या पॅचमध्ये मी हेच केलं होतं. मूळ वाक्य म्हणत होतं की अपग्रेड करताना अमुक फाइल पुसली जाते. प्रत्यक्षात ती पुसली जात नव्हती. मी एक ‘नाही’ घातला, परिच्छेद पुन्हा जुळवला आणि पाठवून दिला. तपासणाऱ्याला अकरा ओळी बदललेल्या दिसल्या. त्याला वाटलं मी भाषा घासूनपुसून घेतली आहे. ‘शैलीचे बदल आम्ही घेत नाही’ असं लिहून त्याने पॅच बंद केला. वाक्याचा अर्थ उलटा करणारा तो एक शब्द त्याच्या नजरेतून सुटला, आणि तो सुटेल अशी व्यवस्था मीच केली होती. दुसऱ्यांदा मी ती ओळ ऐंशीच्या पलीकडे गेली तरी जाऊ दिली, बाकी कशालाही हात लावला नाही. तो पॅच त्याच दिवशी मर्ज झाला, म्हणजे प्रकल्पात घेतला गेला.

हा ओळींचा प्रश्न फार जुना आहे. ब्रायन कर्निघन यांनी १९७४ सालीच युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टम शिकणाऱ्यांना सांगून ठेवलं होतं की मजकूर टाइप करताना प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करा, ओळी आखूड ठेवा आणि वाक्यात आपसूक थांबा येतो तिथे तोडा, म्हणजे पुढे दुरुस्त्या सोप्या जातात. डिफमधले बदल फाइलवर चढवणारा लॅरी वॉल यांचा ‘पॅच’ हा प्रोग्राम त्यानंतर अकरा वर्षांनी, १९८५ मध्ये आला, आणि कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं गिट तर २००५ मध्ये. तरी सल्ला आजही तितकाच लागू आहे, आणि ‘एका ओळीत एक वाक्य’ हा नियम पाळणारे प्रकल्प बरेच आहेत. तुमचा प्रकल्प पाळत असेल तर तुम्हीही पाळा. पाळत नसेल तर त्यांच्या ओळी आहेत तशाच राहू द्या, त्या कितीही वाकड्या दिसल्या तरी.

मथळ्यांची गोष्ट आणखी वेगळी. डॉक्युमेंटेशनची पानं तयार करणारी स्फिंक्ससारखी साधनं मथळ्याच्या शब्दांवरूनच त्या भागाची लिंक बनवतात. मथळा बदलला की लिंकही बदलते, आणि बाहेर कुणी त्या भागाची जुनी लिंक देऊन ठेवली असेल तर ती उघडणारा नेमक्या जागी न पोहोचता पानाच्या माथ्यावर येऊन थांबतो. मथळे सुधारू नयेत असं मी म्हणत नाही. पण तो विचार करून घ्यायचा निर्णय आहे, आणि मेंटेनरना तो टाइमआउटच्या निर्णयाबरोबर एकाच दमात घ्यायला लावणं बरं नाही.

‘भाग करा’ म्हणजे एवढंच. एक गोष्ट स्वीकारली आणि दुसरी नाकारली असं त्यांना करता आलं पाहिजे. तुमच्या पॅचमध्ये शुद्धलेखन निर्विवाद आहे, टाइमआउट तपासायला हवा आणि मथळे वादाचे आहेत. तिन्ही एकत्र बांधले की सगळ्यांची गती सर्वांत अडलेल्या भागाइतकीच होते. तुमची ती मोलाची एक ओळ दोन मथळ्यांसाठी अडून बसली आहे.

आता दुसरं वाक्य. मला यावर जास्त बोलायचं आहे.

तुम्ही धरून चाललात की पान चुकलं आणि कोड बरोबर. असेलही. पण डॉक्युमेंटेशन म्हणजे प्रकल्पाने वापरणाऱ्याला दिलेला शब्द. शब्द एक आणि वागणं दुसरं असेल तर चूक कुणाची, हे आजचा कोड वाचून कळत नाही. समजा सुरुवातीला तो आकडा खरोखरच सेकंदांत होता, आणि मध्ये कधीतरी कुणी आतला टायमर बदलला तेव्हा नकळत त्याचे मिलिसेकंद झाले. तसं असेल तर हा प्रोग्राममधला बग आहे, आणि पानावर ‘मिलिसेकंद’ लिहून तुम्ही त्याला अधिकृत करून टाकताय. जुन्या आवृत्तीवर काम करणाऱ्या कुणी तुमचं नवं पान वाचून भरवशाने ३०००० लिहिलं तर त्याचं कनेक्शन आठ तासांहून जास्त लटकत राहील. दुसरी शक्यता अशी की पहिल्या दिवसापासून मिलिसेकंदच होते, आणि पान लिहिणाऱ्याने शेजारच्या पर्यायाचं वर्णन उचलून इथे चिकटवलं. तसं असेल तर तुमची एक ओळ पुरेशी आहे, फक्त ती जुन्या आवृत्त्यांच्या पानांवरही जायला हवी. किंवा बदल मुद्दाम केला, पण करणारा पान बदलायला विसरला. मग दोन्ही लिहावं लागेल: अमुक आवृत्तीपासून मिलिसेकंद, त्याआधी सेकंद. स्फिंक्समध्ये यासाठी ‘व्हर्जनचेंज्ड’ नावाची खास सोयच आहे.

बघा, एकाच ओळीच्या मागे तीन वेगळ्या दुरुस्त्या दडलेल्या आहेत. मेंटेनरनी विचारलेला प्रश्न यातली कोणती हे ठरवण्यासाठी आहे.

शोध घ्यायला फार वेळ लागत नाही. गिट ब्लेम ही आज्ञा कोडमधल्या त्या ओळीवर चालवली की ती शेवटची कोणत्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) बदलली ते दिसतं. तो कमिट नुसता कोड नीटनेटका करणारा निघाला तर त्याच्या मागे जा. गिट लॉगला मोठ्या लिपीतल्या ‘एस’चा पर्याय देऊन टाइमआउटच्या व्हेरिएबलचं नाव दिलंत, तर ते नाव जिथे नव्याने आलं किंवा काढलं गेलं तेवढेच कमिट समोर येतात. कमिट हाती लागला की गिट टॅगला ‘कंटेन्स’ पर्याय देऊन विचारा, म्हणजे तो कोणकोणत्या आवृत्त्यांमध्ये आहे याची यादी मिळते. मग एक छोटी चाचणी करा. जो पत्ता उत्तरच देत नाही अशा पत्त्याला कनेक्शन लावा, टाइमआउट ५००० द्या आणि घड्याळ लावा. पाच सेकंदांत परत आलं तर मिलिसेकंद. मागच्या एखाद्या आवृत्तीवरही हेच करून पाहा. आणि चाचणी कशी केली, काय दिसलं, हे सगळं कमिटच्या संदेशात लिहा, म्हणजे मेंटेनरना तुमच्यावर विश्वास ठेवावा लागणार नाही, ते स्वतः दोन मिनिटांत पडताळून पाहू शकतील. पॅच लवकर आत जातो तो यामुळे.

डॉक्युमेंटेशन लिहिता लिहिता प्रोग्रामच बदलावा लागला, याचं मला फार आवडणारं उदाहरण लिनक्स कर्नलमधलं, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यातलं आहे. मायकेल केरिस्क यांनी २००४ पासून बरीच वर्षं लिनक्सची मॅन पानं (आज्ञा आणि कॉल समजावून सांगणारी माहितीची पानं) सांभाळली. २००७ मध्ये कर्नलच्या २.६.२२ आवृत्तीत टायमरएफडी नावाचा नवा सिस्टम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडे काम मागायची सोय) आला. त्याची जुन्या टायमरच्या कॉलशी तुलना करताना केरिस्क यांच्या लक्षात आलं की जुन्यांमध्ये ‘टायमर वाजायला अजून किती वेळ आहे?’ असं विचारता येतं, नव्यात ती सोयच नाही. त्यांनी ते मांडलं. पुढच्या आवृत्तीत तो कॉल बंद ठेवण्यात आला, आणि २००८ मध्ये २.६.२५ आवृत्तीत वेगळ्या रचनेत परत आला. एकाच्या जागी तीन कॉल झाले: टायमर बनवणारा, लावणारा आणि उरलेला वेळ सांगणारा. लिनक्सवर आज हीच रचना वापरली जाते. पान लिहिणाऱ्याने ‘हे मी वाचणाऱ्याला कसं समजावू?’ असं स्वतःला विचारलं नसतं, तर ती उणीव कायमची राहिली असती, कारण कर्नलमधून एकदा बाहेर पडलेला कॉल बदलणं जवळजवळ अशक्य असतं.

म्हणून तुमच्या मित्राचं म्हणणं मला मान्य नाही. ते कुठून आलं असेल याचा मात्र अंदाज आहे. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये हॅकटोबरफेस्ट या ओपन सोर्स योगदानाच्या उपक्रमाच्या वेळी चार पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याच्या विनंत्या) करणाऱ्याला टी-शर्ट मिळणार होता. हजारो लोकांनी वाटेल त्या प्रकल्पाच्या रीडमीमध्ये (ओळख करून देणाऱ्या फाइलमध्ये) एखादं निरर्थक विशेषण घालून पुल रिक्वेस्ट धाडल्या. मेंटेनर इतके वैतागले की महिना संपण्याआधीच आयोजकांना नियम बदलावा लागला, आणि ज्या प्रकल्पांनी स्वतःहून होकार दिला तेच धरायचं ठरलं. त्या महिन्याने डॉक्युमेंटेशनच्या छोट्या पॅचचं नाव खराब केलं. अनोळखी माणसाकडून शुद्धलेखनाचा पॅच आला की बऱ्याच मेंटेनरच्या मनात आजही पहिली शंका तीच येते. तुमच्या पॅचमध्ये शुद्धलेखन वर आणि टाइमआउट आत दडलेला, हेही त्या अठरा दिवसांमागचं एक कारण असू शकतं.

पण गरजेचं म्हणाल तर ती खरी आहे. असे प्रकल्प जिथे ठेवले जातात त्या गिटहबने २०१७ मध्ये केलेल्या ओपन सोर्स सर्वेक्षणात ९३ टक्के लोकांनी अपुरं किंवा कालबाह्य डॉक्युमेंटेशन ही अडचण म्हणून नोंदवली, आणि योगदान देणाऱ्यांपैकी ६० टक्के म्हणाले की आपण डॉक्युमेंटेशनला क्वचितच किंवा कधीच हात लावत नाही. ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टममध्ये मॅन पानातली चूक ही कोडमधल्या बगसारखीच मानतात. पोस्टग्रेस या डेटाबेससारख्या प्रकल्पात नवी सोय पाठवताना तिचं डॉक्युमेंटेशन बरोबर जोडलेलं असावं अशी अपेक्षा असते. ही काम जाणणाऱ्या लोकांची पद्धत आहे. तुमच्या मित्राला त्याचं मत राहू द्या, त्याच्याशी वाद घालण्यात संध्याकाळ घालवू नका.

इंग्रजीबद्दल. तांत्रिक डॉक्युमेंटेशन वाचणारे असंख्य लोक ते आपल्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या भाषेत वाचतात. तुम्हाला जे वाक्य तीनदा वाचावं लागलं ते त्यांनाही तीनदाच वाचावं लागणार. तुम्ही लिहाल ती वाक्यं छोटी असतील, साधी असतील, त्यात वळणं नसतील, आणि या कामाला तशीच वाक्यं लागतात. व्याकरणाची एखादी चूक तपासणारा अर्ध्या मिनिटात सुधारतो. ३० दिल्यावर काय होतं हे त्याला आपल्या मनाने लिहिता येत नाही. ते तुम्ही अनुभवलंय.

त्या अनुभवाची मुदत मात्र फार कमी असते. आज तुम्हाला ठाऊक आहे की तो आकडा मिलिसेकंदांत आहे. आता ते पान तुम्ही कितीदा वाचलंत तरी पहिल्यांदा अडकलात तशा पुन्हा अडकणार नाही. मेंटेनरची ती नजर कित्येक वर्षांपूर्वीच गेलेली असते. म्हणून यापुढे कुठलंही नवं साधन शिकताना शेजारी एक साधी फाइल उघडी ठेवा. कोणत्या पानावर अडलात, काय वाटलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, एवढ्या तीन गोष्टी तिथल्या तिथे लिहा. पुढच्या वर्षभराचे पॅच त्या फाइलीतून निघतील.

इंग्रजीच्या धास्तीने परिच्छेद एआयकडून लिहून घ्यायचा मोह होईल. आधी प्रकल्पाचे नियम पाहा. लिनक्सवर आधारित जेन्टू या प्रकल्पाने एप्रिल २०२४ मध्ये एआयच्या मदतीने तयार केलेला मजकूर पाठवायला साफ मनाई केली, आणि कडक नियम करणारा तो एकटाच प्रकल्प नाही. नियम सैल असले तरी माझी काळजी वेगळी आहे. अशा साधनातून निघालेलं वाक्य गुळगुळीत असतं, पण त्यात ‘मस्ट’चं ‘शुड’ होऊन जातं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. इंटरनेटच्या मानकांसाठी या दोन शब्दांतला फरक १९९७ च्या आरएफसी २११९ या दस्तऐवजात नेमका लिहून ठेवलेला आहे: एक म्हणजे केलंच पाहिजे, दुसरा म्हणजे सबळ कारण असेल तर टाळता येईल. ज्या वाक्यावर कुणीतरी आपला सर्व्हर चालवणार आहे त्या वाक्यातला प्रत्येक शब्द तुम्ही स्वतः पारखलेला असू द्या, मग इंग्रजी थोडं ओबडधोबड असलं तरी चालेल.

काही कामाच्या गोष्टी भराभर सांगते. पॅच योग्य फाइलवर आहे ना ते पाहा. पुष्कळदा फंक्शनचं वर्णन वेगळ्या पानात नसतं, कोडमधल्या कॉमेंटमध्येच असतं आणि पान त्यातून तयार होतं. लिनक्स कर्नलमध्ये असं भरपूर आहे. तयार झालेलं पान दुरुस्त केलंत तर पुढच्या बिल्डमध्ये, म्हणजे पानं पुन्हा तयार होताना, तुमची दुरुस्ती पुसली जाईल. पाठवण्याआधी डॉक्युमेंटेशन आपल्या मशिनवर बिल्ड करा आणि ब्राउझरमध्ये ते पान डोळ्यांनी वाचा. रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट या मजकूर लिहिण्याच्या पद्धतीत यादीच्या आधी एक रिकामी ओळ राहून गेली की सगळी यादी वरच्या परिच्छेदात विरघळते, आणि डिफ बघून हे कळत नाही. शेवटी, प्रकल्पाला सही लागते का ते पाहा. कर्नलमध्ये आणि इतर बऱ्याच ठिकाणी कमिटच्या शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ लागते. हा मजकूर पाठवायचा मला हक्क आहे, असं तुम्ही तिच्यातून सांगता. ही पद्धत कर्नलमध्ये २००४ मध्ये आली. काही प्रकल्प वेगळा करारही मागतात. या कागदपत्रांना घाबरू नका, पण कुणाच्या ब्लॉगवरून उचललेला परिच्छेद पॅचमध्ये कधीच घालू नका, कारण तो हक्क तुमच्याकडे नसतो.

अठरा दिवसांबद्दल एवढंच सांगते की तो उशीर नेहमीचाच आहे. पॅच पाठवणाऱ्यांसाठीच्या कर्नलच्या सूचनांमध्येच लिहिलंय की उत्तर यायला सहसा दोन ते तीन आठवडे लागतात, आणि आठवण करून देण्याआधी निदान एक आठवडा थांबावं. आठवण करून देण्यात कमीपणा नाही. ‘हा पॅच पाहायला वेळ मिळाला का? काही बदल हवा असल्यास करते’ एवढं एक वाक्य पुरतं. मेंटेनरपैकी बरेचजण हे काम नोकरी सांभाळून, उरलेल्या वेळात करतात. आभार मानायचं राहून जातं ते थकव्याने, तुमच्याबद्दल मनात काही आहे म्हणून नव्हे. तरी नव्या माणसाला दोन चांगले शब्द लिहायला हवेत, असं मी आमच्या प्रकल्पातल्या प्रत्येकाला सांगत असते. तुम्हाला ते मिळाले नाहीत याचं मला वाईट वाटतं.

आता आज काय करायचं. आधी मेंटेनरना उत्तर पाठवा. शब्द तुमचे, आशय असा: ‘पाहिल्याबद्दल आभार. टाइमआउटचा बदल वेगळा करून पाठवते. तो कोणत्या आवृत्तीपासून आहे ते शोधते आहे. जुन्या आवृत्तीत सेकंद असल्याचं आढळलं तर हा कोडमधला बग समजायचा की डॉक्युमेंटेशनमधला, ते कृपया सांगा.’ या शेवटच्या प्रश्नामुळे निर्णय ज्यांचा आहे त्यांच्याकडे जातो, आणि तुम्ही गोष्ट नीट समजून घेतली आहे हेही त्यांना कळतं.

मग नवा पॅच, फक्त त्या ओळीचा. कमिटच्या संदेशाची पहिली ओळ छोटी ठेवा, ‘डॉक्स: कनेक्शनच्या टाइमआउटचं एकक दुरुस्त करा’ अशा धाटणीची. खाली एक ओळ रिकामी सोडून चार वाक्यं: पान काय सांगतं, कोड काय करतो, कोणत्या कमिटपासून, आणि चाचणीत काय दिसलं. पहिल्या पाठवणीपेक्षा काय बदललं ते मात्र संदेशात घालू नका. ईमेलने पाठवायची पद्धत असेल तर ईमेलच्या मथळ्यात ‘व्ही२’ (दुसरी आवृत्ती) लिहा आणि बदलांची टीप तीन आडव्या रेघांच्या खाली द्या. त्या रेघांखालचा मजकूर तपासणारा वाचतो, पण तो इतिहासात जात नाही. पुल रिक्वेस्ट असेल तर हेच खाली कॉमेंटमध्ये लिहा.

टाइमआउटचा पॅच मर्ज झाल्यावर शुद्धलेखनाचा पाठवा. मथळ्यांबद्दल आधी विचारा, होकार आला तरच हात लावा.

आणि पाठवायच्या आधी त्या प्रकल्पाच्या उदाहरणांच्या फोल्डरमध्ये ‘टाइमआउट’ हा शब्द एकदा ग्रेप करून, म्हणजे सगळ्या फाइलींत शोधून, बघा. पानावर सेकंद लिहिलेले असताना कुणीतरी त्यावर विसंबून उदाहरणातही ३० लिहून ठेवलं असण्याची दाट शक्यता आहे, आणि नवा माणूस पान वाचण्याआधी उदाहरणच कॉपी करतो.